तो तिथे गेलाच कशाला?

खरिपाची पिके हाताशी आली की आपल्या भागात कुठल्या ना कुठल्या गावाहून एक बातमी येते. नावे बदलतात, बाकी सगळे तेच. कोणी पहाटे सुटलेला बैल शोधायला निघालेला असतो, कोणी रात्रपाळीची वीज आली म्हणून मोटार सुरू करायला धुऱ्याने चाललेला असतो, कोणी बाई सरपणाला गेलेली असते. दुसऱ्याच्या वावराच्या कडेला, घोट्याच्या उंचीवर ताणलेल्या उघड्या तारेला पाय लागतो आणि माणूस तिथेच राहतो. तार रानडुकरासाठी लावलेली असते. पोलीस येतात, पंचनामा होतो. मग पारावर जो पहिला प्रश्न निघतो तो ठरलेला: "पण तो तिथे गेलाच कशाला?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटते की उत्तरही त्यातच आले. वावर माझे, सात-बारा माझ्या नावाचा, तार माझ्या हद्दीत. न विचारता जो आत शिरला त्याचे त्याने बघावे. कायदा खरोखरच असे म्हणतो काय, हे प्रस्तुत लेखात पाहायचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कायद्याच्या वावरात शिरणे हाही एक अतिक्रमच आहे, हे मला ठाऊक आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे आणि बहुतेकांच्या घरी या तारेची गोष्ट कधी ना कधी निघालेली आहे. तेव्हा हा अतिक्रम प्राध्यापक मंडळी क्षम्य मानतील अशी आशा आहे.

आधी शेतकऱ्याची बाजू सांगितली पाहिजे. शहरात बसून त्याला खुनी म्हणणे फार सोपे आहे. झरी जामणी तालुक्यातली पुष्कळशी शेती कोरडवाहू. कापूस, तूर, सोयाबीन. विहिरीला पाणी असेल तर हरभरा आणि गहू. कित्येकांच्या वावराला जंगल अगदी लागून. रानडुकरांचा एक कळप रात्रीतून शिरला तर खातो थोडे आणि लोळवतो फार. रोही कोवळ्या पिकाचे शेंडे खुडून जातात. वन खात्याकडून भरपाई मिळते, पण तिला अर्ज लागतो, पंचनामा लागतो, मुदत पाळावी लागते आणि हाती येईपर्यंत वाट पाहावी लागते. राहता राहिली जागल. मचाणावर बसून रात्रभर डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे. त्यातही आता वाघाचे भय. शेजारच्या केळापूर तालुक्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात 'अवनी' वाघिणीपायी गावेच्या गावे कशी दिवस काढीत होती, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. अशा रात्री वावरात एकट्याने बसायला कोण धजेल? म्हणून मग तार. ती झोपत नाही, मजुरी मागत नाही, वाघाला भीत नाही.

हे सगळे खरे आहे. पण तिला माणूस आणि डुक्कर यांतला फरक कळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'अतिक्रम करणारा' कोणाला म्हणायचे? दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत त्याच्या परवानगीवाचून किंवा कायदेशीर हक्कावाचून जो शिरतो तो. व्याख्या सोपी आहे, पण आपल्या गावरानात ती लागू करायला गेले की अडचण येते. इंग्लंडात प्रत्येक मळ्याला भिंत नाही तर झुडपांची वई असते; आपल्याकडे वावर आणि वाट यांच्या मधला धुरा हाच कित्येकदा रस्ता असतो. मागच्या वावरात जाणाऱ्याला पुढच्याच्या बांधावरून जावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ प्रमाणे असा बांधावरच्या वाटेचा हक्क तहसीलदार ठरवून देतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तो मोकळा करून घेता येतो. म्हणजे रात्री मोटार सुरू करायला धुऱ्याने निघालेला माणूस पुष्कळदा अतिक्रम करणारा नसतोच. तो आपल्या हक्काच्या वाटेने चाललेला असतो. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला, पऱ्हाटी गोळा करायला पिढ्यान् पिढ्या ज्या वाटांनी कोलाम आणि गोंड बायाबापड्या जातात, त्या वाटांवर 'मनाई' असे कोणी कधी बोललेले नसते. मूक संमतीने येणारा आणि चोरून शिरणारा यांत कायदा भेद करतो.

तरीही घटकाभर धरून चालू की मेलेला माणूस खरोखरच आगंतुक होता. अगदी चोरी करायला आला होता असेही धरू. मग?

या प्रश्नाचा निकाल लावण्याच्या धडपडीत इंग्लंडातल्या न्यायालयांनी दीडशे वर्षे घालवली. त्यातला पहिला खटला मला फार आवडतो, कारण तो आपल्या गावात सहज घडू शकला असता. ब्रिस्टॉलजवळ होलब्रुक नावाच्या गृहस्थाची तटबंद फुलबाग होती. तीत मोलाची ट्युलिपची फुले. त्यांची चोरी झाली. गृहस्थाने वाटांवर तारा ताणून त्यांना एक स्वयंचलित बंदूक जोडली. तारेला पाय लागला की बार उडायचा. पाटी मुद्दाम लावली नाही, कारण पाटी लावली तर चोर सापडणार कसा! १८२५ साली शेजाऱ्याची एक लांडोर उडून त्या बागेत गेली. तिला धरून आणावे म्हणून एकोणीस वर्षांचा एक पोरगा दिवसाउजेडी भिंतीवर चढला, हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही म्हणून आत उतरला. गोळी गुडघ्यात बसली. १८२८ साली न्यायालयाने त्याला भरपाई दिली. भिंत ओलांडून तो आत शिरला यात वाद नव्हता. पण जे तू स्वतः समोर उभा राहून करू शकत नाहीस, ते तुझ्या गैरहजेरीत यंत्राकडून करवून घेता येणार नाही, असा या साऱ्याचा मथितार्थ. लांडोर धरायला आलेल्या पोरावर मालकाने हाताने गोळी झाडली असती काय? मग बंदुकीने आपणहून झाडली म्हणून ती न्याय्य कशी होईल? १८२७ साली तिथल्या पार्लमेंटने असल्या बंदुका बेकायदा ठरवल्या. रात्री राहत्या घराच्या आत लावलेल्या बंदुकीचा तेवढा अपवाद ठेवला.

मुद्दाम लावलेल्या सापळ्याचा प्रश्न असा मिटला. पण निष्काळजीपणाचे काय? जिथे मालकाने मारायचे मनात आणले नव्हते, नुसते दुर्लक्ष केले, तिथे आगंतुकाला काही मागता येईल काय? १९२९ साली स्कॉटलंडमधील एका कोळसा खाणीचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. खाणीच्या शेतातून लोक आडवाटेने जात, पोरे खेळत. चार वर्षांचे एक मूल ओढयंत्राच्या चाकात सापडून मेले. निकाल लागला तो बापाच्या विरुद्ध. मूल आगंतुक होते. आगंतुकाची काळजी घेण्याचे कर्तव्य मालकावर नाही. त्याला जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने इजा करायची नाही, एवढेच बंधन. चार वर्षांच्या पोराला 'आगंतुक' म्हणताना न्यायमूर्तींची जीभ अडखळली नसेल काय, असे आज वाचताना मनात येते. ते बदलायला त्रेचाळीस वर्षे लागली. जून १९६५ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा रेल्वेच्या मोडक्या कुंपणातून रुळांवर गेला आणि वीज खेळणाऱ्या रुळावर भाजला. पोरे तिथून आत जातात, हे रेल्वेच्या लोकांना आधीच कळले होते. १९७२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने आपलाच जुना निर्णय बाजूला सारला आणि सांगितले की आगंतुकाबाबतही मालकावर साध्या माणुसकीचे कर्तव्य आहे. धोका तुला ठाऊक आहे, माणसे येतात हेही ठाऊक आहे, आणि तो टाळणे तुझ्या आवाक्यात आहे, तर तू काही केले पाहिजेस. पुढे १९८४ साली त्यांनी याचा कायदाच करून टाकला.

आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. अपकृत्यांचा कायदा आपल्याकडे बव्हंशी न्यायालयांच्या निर्णयांतूनच घडला आहे आणि इंग्लंडातले निर्णय मार्गदर्शक म्हणून वाचले जातात, बंधनकारक म्हणून नव्हे. पण आपल्या तारेच्या प्रश्नासाठी इंग्लंडला जायची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ सालचा एक निर्णय आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. त्यातली हकिकत ऐकली की वाटते, ही तर शेजारच्याच गल्लीतली गोष्ट.

चंपारण जिल्ह्यात दोन शेजारी राहत. एकीकडच्या संडासाची भिंत पडली. म्हणून त्या घरची बाई आणि इतर माणसे शेजाऱ्याच्या संडासात जाऊ लागली. शेजाऱ्याला ते आवडले नाही. तोंडी मनाई करून भागेना तेव्हा त्याने संडासाच्या वाटेवर उघडी तांब्याची तार आडवी लावली आणि घरच्या विजेला जोडून दिली. तार जिवंत आहे अशी सूचना कुठे नव्हती. जुलै १९५९ मध्ये ती बाई आत गेली तेव्हा बचावली. बाहेर येताना हात तारेला लागला आणि ती मेली. खटला चालला, शिक्षा झाली आणि प्रकरण पाटण्याच्या उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेले. आरोपीचे म्हणणे तेच, जे आपल्या पारावर असते: जागा माझी, ती आगंतुक होती, आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा मला हक्क आहे.

न्यायालयाने हे तिन्ही मुद्दे ऐकून घेतले आणि शिक्षा कायम केली. आगंतुक आपल्या जबाबदारीवर आत येतो आणि त्याच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण काळजी घेण्याचे बंधन मालकावर नाही, इथवर न्यायालय मालकाशी सहमत होते. पण म्हणून आगंतुक हा कायद्याच्या छत्राबाहेर टाकलेला, कोणीही मारावा असा प्राणी ठरत नाही. त्याला इजा व्हावी म्हणून, किंवा होईल याची पर्वा न करता, सापळा लावायचा किंवा उघडी जिवंत तार ताणायची मुभा मालकाला नाही. खाजगी बचावाचा हक्कही इथे उपयोगी पडत नाही. तो हक्क आवश्यक तेवढीच इजा करू देतो, आणि संडासाला आलेल्या बाईला मारून टाकणे कोणत्या मापाने आवश्यक ठरेल? जीव जाईल इतक्या दाबाची वीज उघड्या तारेत सोडणे हेच मुळी बेदरकार कृत्य आहे, असे न्यायालयाने मानले.

त्या खटल्यात भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ लागले होते. बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीने मृत्यू, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ मध्ये हीच शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. आणि वाचकांनी इथे थोडे थांबावे, कारण प्रकरण एवढ्यावर भागेलच असे नाही. 'या तारेने माणूस मरू शकतो' हे ठाऊक असून ती लावली, असे पुराव्याने दिसले तर सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू शकते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. मागच्या वर्षी अशाच तारेने कोणी मेल्याचे ज्या गावात सगळ्यांनी पाहिले आहे, त्या गावातला माणूस 'मला ठाऊक नव्हते' असे कोणत्या तोंडाने सांगणार? भीतीपोटी काही जण रात्रीतून तार काढून टाकतात, प्रेत उचलून ओढ्यात नेऊन टाकतात. त्याने गुन्हा झाकला जात नाही; पुरावा नाहीसा करण्याचे कलम २३८ त्यात आणखी जोडले जाते. तारेत वाघ सापडला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली निदान तीन वर्षांची कैद ठरलेली. खांबावर आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीजचोरीचा गुन्हा वेगळा.

काही जण म्हणतील, मग झटक्याचे कुंपणही लावू नये काय? इथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे. सौर कुंपणाचे यंत्र आणि घरची लाइन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते व्होल्टच्या आकड्यावरून कळत नाही. उलट फसगत होते. झटका यंत्राचा दाब हजारो व्होल्ट असतो, पण झटका येतो साधारण सेकंदाला एक आणि टिकतो सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. जनावर दचकून मागे सरते, कारण मधल्या वेळात स्नायू मोकळे असतात. घरच्या लाइनीचा दाब अवघा २३० व्होल्ट, पण प्रवाह अखंड. स्नायू आखडतात, धरलेला हात सुटत नाही. एका अँपिअरच्या हजार भागांपैकी तीसेक भाग इतका प्रवाह छातीतून काही क्षण गेला तरी जीव धोक्यात येतो. त्यात पाय अनवाणी, माती ओली, गवतावर दव. जे जागलीला स्वस्त म्हणून लावतात ते यंत्राचे पैसे वाचवण्यासाठी थेट लाइन जोडतात, आणि फरक नेमका तिथे पडतो. सौर कुंपणासाठी राज्य शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. काटेरी तार, बोराट्यांची वई, दगडी गडगा हे तर निर्विवाद चालते. जे उघड दिसते आणि अडवते ते कुंपण. जे लपते आणि मारते तो सापळा. दिसणारे काटे ओलांडताना कोणाचा पाय फाटला तर मालकाला सहसा कोणी जबाबदार धरणार नाही.

'सावधान, करंट' अशी पाटी लावली तर सुटका होईल, अशीही एक समजूत आहे. माझ्या मते ती भाबडी आहे. रात्री पाटी कोण वाचणार, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याने काय करावे? शिवाय जीवघेणी तार लावणे हेच चूक असेल तर पाटीने ते बरोबर कसे होईल?

विहिरीची गोष्ट निराळी. ती कोणाला मारायला खणलेली नसते. म्हणून कठडा नसलेल्या विहिरीत आगंतुक पडला तर मालक सरसकट दोषी ठरत नाही. पण विहीर वाटेलगत असेल, गवताने झाकली असेल, पोरे तिथे बोरे पाडायला येतात हे मालकाला माहीत असेल, तर त्या रेल्वेच्या पोराचा न्याय इथेही लावावा असा युक्तिवाद करता येतो आणि करावा. टाकून दिलेल्या बोअरवेलबाबत मात्र संदिग्धता उरलेली नाही. त्यांत पडून लहान मुले मेल्याच्या बातम्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन घेतली आणि ११ फेब्रुवारी २०१० रोजी आदेश दिले. खोदण्याच्या पंधरा दिवस आधी जमीनमालकाने लेखी कळवायचे, खोदताना काटेरी कुंपण आणि फलक लावायचा, नळीभोवती सिमेंटचा ओटा करून तोंडावर पक्के झाकण बसवायचे, आणि कोरडी गेलेली बोअर माती-दगडांनी तळापासून वरपर्यंत बुजवायची. आपल्या आजूबाजूच्या किती कोरड्या बोअरींवर नुसता दगड ठेवलेला आहे, हे सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येकाने मोजून पाहावे. मुकुटबनकडे चुनखडीच्या खाणी आहेत. खाणींच्या खड्ड्यांना कुंपण घालण्याचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत. त्यांची चर्चा इथे करीत नाही.

तारेची वीज येते कुठून, हाही प्रश्न आहे. मध्य प्रदेशात १९९७ साली पावसाच्या रात्री सायकलवरून घरी परतणारा एक कामगार रस्त्यावरच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने मेला. वीज मंडळाने सांगितले, ती तार आमची नव्हे, कोणी तरी चोरून ओढलेली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सबब झिडकारली. इतकी धोक्याची वस्तू जो पुरवतो त्याने ती भलतीकडे वळणार नाही याची खबरदारी घ्यावी. हयगय सिद्ध झाली नाही तरी भरपाई द्यावी लागेल, असा तो निर्णय. आता तो माणूस सार्वजनिक रस्त्यावर होता, कोणाच्या वावरात नव्हता. तेव्हा हा निर्णय आपल्या प्रश्नाला तंतोतंत लागतो असे मी म्हणणार नाही. पण आकडा टाकून भारलेल्या तारेने माणूस मेला तर वीज कंपनीलाही प्रतिवादी करावे, एवढे त्यावरून निश्चित समजते.

फौजदारी शिक्षेने मेलेल्याच्या घरची चूल पेटत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लागतो, आणि तो आपल्याकडे फार थोडे लोक करतात. बहुधा गावातच चार माणसांत बसून काही रक्कम ठरते, कागदावर अंगठा घेतला जातो आणि प्रकरण 'मिटते'. अशा तडजोडीने सदोष मनुष्यवधाचा खटला मिटत नाही, हे दोन्ही बाजूंना कोणी सांगत नाही. बायको, नवरा, मुले आणि आई-वडील यांच्यासाठी १८५५ चा प्राणांतिक अपघात अधिनियम आजही लागू आहे. दावा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत लावावा लागतो. विजेच्या प्रत्येक अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडून होऊ शकते. त्याच्या अहवालाची नक्कल आधी मागून घ्यावी, कारण वीज कुठून कशी आली ते त्यातच असते. वकिलाच्या पैशाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोणतीही स्त्री आणि अनुसूचित जाती-जमातीची कोणतीही व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. कोलाम पोडावरच्या विधवेला या दोन्ही कारणांनी तो हक्क आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर करता येतो, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले तिथला माणूस लिहून घेतो.